तेजी-मंदी आणि धनंजयराव गाडगीळ



भिवंडीच्या यंत्रमागांवर ज्यांचे पोट आहे, असे अनेक जण आज इथे बसले असतील. सूत महागले आणि कापडाला उठाव नसला, की व्यापारी मजुरी उतरवतो, मागवाला एक पाळी बंद करतो आणि कामगार गावाकडची गाडी धरतो. पुढे मागणी आली की तेच माग रात्रंदिवस खडखडतात. या फेऱ्याला अर्थशास्त्रात व्यापारचक्र म्हणतात. आपण मात्र नशीब म्हणून मोकळे होतो. ते नशीब नव्हे, हे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी दाखवून दिले.

गाडगीळांचा जन्म 1901 चा. केंब्रिजमध्ये लिहिलेला त्यांचा प्रबंध 1924 साली पुस्तकरूपाने आला. भारतातल्या उद्योगांच्या वाटचालीचा तो इतिहास. पण त्याची सुरुवात शेतकऱ्यापासून होते. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्या कापसाचे भाव कडाडले. शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळला, त्याची पत वाढली, कर्जही वाढले. मुंबईत शेअरचा सट्टा माजला. 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. सट्टेवाले बुडाले; शेतकऱ्याचे कर्ज मात्र तसेच राहिले. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यामागच्या कारणांत हे एक होते. पाठोपाठ 1876 चा दुष्काळ आला. शेतकऱ्याकडे पैसा नाही, म्हणून गावच्या विणकराकडे गिऱ्हाईक नाही. तेजीचा नफा थोड्यांकडे जातो आणि मंदीचा भार शेवटच्या माणसावर येतो, हे त्या साऱ्या इतिहासातून उघड होते.

हे जाणल्यावर गाडगीळ पुस्तकापाशी थांबले नाहीत. 1930 साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे संचालक म्हणून त्यांनी गावोगावी आणि शहरांत पाहण्या करवून घेतल्या. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी ऊसकरी शेतकरी एकत्र आणले, तेव्हा त्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले. 1950 च्या अखेरीस तिथे गाळप सुरू झाले. एकटा शेतकरी पडत्या भावात पहिल्या गिऱ्हाइकाला माल देऊन टाकतो; संघटित शेतकऱ्याला थांबता येते, प्रक्रिया करता येते, कर्ज रास्त व्याजाने मिळते. पुढे 1967 साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची, याचे त्यांच्या नावाचे सूत्र 1969 मध्ये ठरले. 1971 साली ते गेले.

तेजी-मंदी आपल्या हातात नाही. अमेरिकेतले युद्ध थांबवणे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शक्य नव्हते, तसा सुताचा बाजार एकट्या मागवाल्याला आवरता येणार नाही. पण तेजीत काय राखून ठेवायचे, सूत एकत्र घ्यायचे की एकेकट्याने, मंदीत कामगाराला कोणता आधार द्यायचा, हे ठरवणे आपल्या हातात आहे. चार मागवाल्यांनी आणि त्यांच्या कामगारांनी एकत्र बसून गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडावा: मजुरी कधी उतरली, माग किती दिवस बंद राहिले, त्या काळात घर कोणाच्या उधारीवर चालले. गाडगीळांच्या पाहण्यांचा पाया अशाच नोंदी होत्या. भिवंडीचे काम आपण सुरू करायचे आहे, आणि तेही पुढच्या मंदीची वाट न पाहता.