फोटो दुरुस्तीचा धंदा: दर आधी सांगा

घरोघरी गेलेल्या माणसाचा एकच फोटो असतो, तोही डागाळलेला, घडीवर फाटलेला. तो नीट करून द्यायचं काम आपल्या मुली-सुना करू शकतात. दुरुस्तीसाठी गिंप, चित्रांसाठी क्रिता. दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत. मूळ फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करून लगेच परत द्या, काम कॉपीवरच करा. चेहरा गोरा करू नका, घरच्यांना तो ओळखीचाच हवा असतो.

"कॉम्प्युटरच तर करतो," म्हणत लोक पैसे द्यायला कां-कू करतात. चार तास लागले, तर चार तासांची मजुरी धरा, प्रिंट-फ्रेमचा खर्च वेगळा. दर आधी सांगा, निम्मे आगाऊ घ्या. शेतातल्या रोजाचा हिशोब ठेवतो, तसाच याचाही वहीत ठेवा.