चर्वण आणि स्मरणशक्ती

जेवताना बोटांची टोके कानशिलावर ठेवली, तर प्रत्येक घासागणिक त्वचेखाली एक स्नायू फुगताना व सैल पडताना जाणवतो. खालचा जबडा वर उचलणाऱ्या या स्नायूंना आज्ञा देणारा आणि दातांवरील दाबाची वार्ता मेंदूकडे पोहोचवणारा मज्जातंतू एकच असून, तो मेंदूपासून निघणाऱ्या 12 जोड्यांपैकी पाचवा, म्हणजे त्रिशाखी मज्जातंतू होय. दात हाडात थेट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर, म्हणजे परिदंत बंध असतो, आणि त्यातील संवेदक इतके तल्लख असतात की भातातला खडा दाढेखाली येताच विचार करण्याआधीच जबडा थांबतो. दात काढला की हा बंधही जातो, आणि कवळी कितीही चांगली बसली तरी तो परत मिळत नाही.

या वार्तेचा स्मरणाशी काय संबंध, हे पाहण्यासाठी जपानी संशोधकांनी अकाली वृद्ध होणाऱ्या जातीच्या उंदरांच्या दाढा काढल्या आणि त्यांना गढूळ पाण्याच्या टाकीत सोडले. पाण्याखाली लपवलेला मंच शोधण्याची ही चाचणी रिचर्ड मॉरिस यांनी 1981 मध्ये मांडली होती. दाढा नसलेल्या उंदरांना मंच सापडण्यास अधिक वेळ लागला, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या, मेंदूच्या आत खोल असलेल्या भागात, चेतापेशी कमी आढळल्या. मात्र त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरकही वाढलेले होते. त्यामुळे दोष चर्वणाच्या अभावाचा किती आणि ताणाचा किती, हे वेगळे काढणे अवघड ठरते.

माणसांच्या बाबतीत गुंता याहून मोठा आहे. दात कमी असलेल्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश अधिक आढळतो खरा, परंतु गरिबी, तंबाखू, मधुमेह आणि हिरड्यांचा जुना दाह या गोष्टी दात आणि मेंदू या दोहोंना बाधतात. शिवाय ज्याची स्मृती ढासळू लागली आहे तो दात घासायलाच विसरतो, म्हणजे कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. च्युइंगगम चघळल्याने पाठांतर सुधारते, या लोकप्रिय समजुतीला प्रयोगांचा एकमुखी आधार नाही.

जपानमध्ये 1989 पासून 80 व्या वर्षी स्वतःचे 20 दात टिकवण्याची मोहीम चालू आहे. तिचा मूळ हेतू मात्र स्मरणशक्ती नसून नीट जेवता यावे, एवढाच होता, आणि तो पुरेसा मोलाचा आहे. दाढा गेल्यावर भाकरी, काकडीची कोशिंबीर, भाजलेले शेंगदाणे ताटातून एकेक करून हद्दपार होतात आणि गुरगुट्या भातावर भागवले जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तर कवळी टोचते हे सांगताही येत नाही. तो नुसता घास नाकारतो, आणि घरच्यांना वाटते की त्याची भूकच मंदावली.