नियमांत न बसणारा नारद

गेल्या मे महिन्यांत केळशीस आमच्या ओटीवर नातवंडांनीं एक खेळ मांडला. प्रत्येकानें एक पात्र व्हावयाचें, संकटांत काय करणार तें सांगावयाचें, आणि निकाल फांशांनीं लागावयाचा. १९७४ सालीं अमेरिकेंत गायगॅक्स व आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें हा खेळ छापला. मुलांपाशीं तेच जुने नियम होते. युद्धाच्या खेळांतून निघालेला हा प्रकार. पात्रांचे वर्ग तीनच : योद्धा, मांत्रिक व पुरोहित.

धाकट्यास मात्र नारद व्हावयाचें होतें. हातीं केवळ वीणा. दरोडेखोर आडवा येतांच तो म्हणाला, “तुझ्या पापांत घरचीं माणसें वांटेकरी होतात का, विचारून ये.” वाल्या कोळ्याची कथा आपणांस ठाऊक आहेच. परंतु तेथें समोरच्याची वृत्ति दोन फांशांवर ठरते. प्रश्न किती मर्मीं लागला, याची मोजदाद नाहीं. शिवाय बढतीचे गुण मिळतात ते झुंजींत वैरी हरविल्याचे, नाहींतर धन मिळविल्याचे. वाल्याचा वाल्मीकि झाला, तर किती? पुस्तक मुकें. (मीं तेहतीस वर्षें गुणपत्रकें भरलीं, त्यांतहि तसा रकाना नव्हता.)

थोरल्यानें “शून्य” म्हणून निकाल दिला. धाकट्याचे डोळे भरले. मीं पंच होऊन पूर्ण गुण देऊं केले, तों थोरला म्हणाला, “आजोबा, मग उद्यां कोणीच लढणार नाहीं, सगळे प्रश्नच विचारतील!” त्याचेंहि खोटें नव्हतें. पानें वाढलीं तरी वाद मिटला नव्हता.