आधी उद्दिष्ट सांगा

आज विषय अमेरिकेतला: सरकारी जमिनीवर होणारी कायोटीची शिकार.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. त्याच्याहून थोराड, लांडग्याहून लहान. तिथल्या 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या केंद्रीय खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. बहुतेक पश्चिमेकडे. मालक जनता. मेंढ्या परवान्यावर चरतात आणि बऱ्याच भागांत शिकारही चालते. जमीन केंद्राची, पण शिकारीचे नियम मुख्यतः राज्याचे. हरणाला हंगाम आणि संख्येची मर्यादा. कायोटी मात्र पश्चिमेतल्या अनेक राज्यांत बारा महिने, कितीही मारा.

पद्धत फौजी माणसाला ओळखीची वाटेल. वारा तोंडावर, सूर्य पाठीशी, मागे झुडूप. जखमी सशाचा आवाज काढायचा आणि निश्चल बसायचं. कायोटी बहुधा सरळ येत नाही. वळसा घालून वास घ्यायला जातो. म्हणून जोडीदार त्या बाजूला नजर ठेवतो. आणि पहिला नियम: ओळख पटल्याशिवाय गोळी नाही. कायोटी समजून संरक्षित लांडगे मारले गेलेत.

हे डावपेच झाले. आता मोहिमेचं उद्दिष्ट काय? मेंढ्या वाचवणं, असं उत्तर मिळतं. मेंढपाळाचं नुकसान खरं आहे, त्याला हसू नका. पण शतकभर गोळी, सापळे आणि विष वापरूनही कायोटी माळरानातून पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. लांडगे संपवले, त्यामुळे त्याला रान मोकळं मिळालं. १९७५ साली कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी गणित मांडलं: दरवर्षी ७५ टक्के मारले तरी संपायला पन्नासहून अधिक वर्षं लागतील. कारण उरलेल्यांना खाणं वाढतं, पिल्लं जास्त जगतात, रिकाम्या हद्दीत बाहेरचे तरुण घुसतात. शत्रूची कुमक तोडता येत नसेल, तर नुसती मुंडकी मोजून लढाई जिंकता येत नाही.

म्हणून राखणदार कुत्री, रात्रीचं कुंपण, मेंढ्या विण्याच्या दिवसांत माणसाचा पहारा, आणि मेंढ्या मारणाऱ्या जनावरावरच नेमकी कारवाई. सर्वाधिक कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांनी यातलं काहीच साधत नाही. कॅलिफोर्नियाने २०१४मध्ये अशी बक्षिसं बंद केली, न्यू मेक्सिकोने २०१९मध्ये स्पर्धाच.

१९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी केंद्रीय जमिनींवर शिकारी प्राण्यांना विष घालण्यावर बंदी आणली. त्याच वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तरी प्रश्न आपल्याकडेही येतो. २०१५च्या अखेरीस बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर वर्षभरासाठी उपद्रवी ठरले. पीक गेलेल्या शेतकऱ्याचा रागही खराच.

उद्या तुमच्या राज्यात अशी परवानगी निघाली, तर किती जनावरं मारली हे विचारू नका. तो आकडा सहज मिळतो. किती पीक वाचलं, ते विचारा.