आमदाराला काम सांगा, उपकार मागू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून बियाणे, भाव आणि कर्ज यांवर बोलणे झाले. आम्हाला दिलेला विषय जरा वेगळा आहे. आपण मत देऊन जो आमदार मुंबईला पाठवतो, त्याने आपल्यासाठी नेमके काय करायचे असते, आणि ते त्याच्याकडून करून कसे घ्यायचे?

आधी आपण त्याच्याकडे काय मागतो ते पाहू. आमदाराच्या दारातल्या सकाळच्या रांगेत आम्हीही उभे राहिलो आहोत. एकाची डीपी जळालेली. दुसऱ्याला पोराची बदली हवी. तिसऱ्याला गावात सभामंडप पाहिजे. चौथा लग्नाची पत्रिका घेऊन आलेला. आमदार फोन उचलतो आणि म्हणतो, 'आपला माणूस आहे, बघा जरा.' काम झाले तर आपण पाच वर्षे उपकाराखाली. नाही झाले तर पुन्हा रांगेत.

आमचीच एक चूक सांगतो. एका वर्षी ऐन वेचणीत पाऊस आला. फुटलेली बोंडे भिजली, ज्वारीची कणसे काळी पडली. पंचनाम्यात आमच्या भागातली बरीच गावे सुटली. आम्ही वीस-पंचवीस जण जीप करून आमदाराकडे गेलो. त्यांनी फोन केला आणि चार दिवसांत आमच्या गावाचा पंचनामा झाला. आम्ही त्यांना हार घातला. शेजारची गावे तशीच राहिली, कारण त्यांनी जीप केली नव्हती. दोन वर्षांनी पुन्हा तसाच पाऊस आला, तेव्हा आमचेही गाव सुटले. गावे का सुटतात, कोण सोडतो, हे पहिल्या वेळी आम्ही विचारलेच नव्हते. आपल्या गावापुरते मागितले आणि तेवढेच मिळाले.

आम्ही कॉलेजात कोरडवाहू शेती शिकलो. तिचा पहिला धडा तुम्हाला न शिकताच ठाऊक आहे. उताराच्या रानात पाऊस कितीही पडो, आडवी पेरणी नसेल, बांध नसेल, तर पाणी ओढ्याला जाते आणि बरोबर मातीही नेते. मंत्र्याचे आश्वासन तसेच आहे. सभेत पडते आणि वाहून जाते. त्याला आडवा बांध घालायची जागा म्हणजे विधिमंडळ. तिथे बोललेला शब्द लिहून ठेवला जातो.

या जागेचा उपयोग कसा होतो याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही कमी पावसाच्या मुलखातली आहेत.

पहिले उदाहरण वि. स. पागे यांचे. ते सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विधान परिषदेचे सभापती. दुष्काळात मजुराला काम मिळते ते सरकारच्या मर्जीने, हे त्यांना मान्य नव्हते. काम मागणे हा त्याचा हक्क व्हावा, हा त्यांचा आग्रह. तासगाव तालुक्यात विसापूर भागात १९६५ साली याचा प्रयोग झाला. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा हा विचार राज्यभर कामाला आला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले गेले. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याची वाट महाराष्ट्राने दाखवली होती. पागे यांनी विसापूरच्या चार माणसांना फोन करून काम लावून दिले असते, तर ती चार माणसे त्यांचे नाव घेत राहिली असती. त्यांनी नियम मागितला, म्हणून लाखो हातांना काम मिळाले.

दुसरे उदाहरण सांगोल्याचे गणपतराव देशमुख. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका पर्जन्यछायेतला, रब्बी ज्वारीचा. १९६२ साली ते तिथून पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ पर्यंत एकूण अकरा वेळा. १९७२ आणि १९९५ साली लोकांनी त्यांना पाडलेही. २०१९ साली त्यांनी निवडणूक लढवली नाही, आणि ३० जुलै २०२१ रोजी ते गेले. ते एस.टी.ने हिंडत, साधे राहत, ही गोष्ट सगळेच सांगतात. पण आमदाराच्या साधेपणाने आपली विहीर भरत नाही. त्यांचे काम पाहू.

ते शेतकरी कामगार पक्षाचे. मंत्रिपद १९७८ आणि १९९९ साली, तेही थोड्या काळापुरते. बाकी जवळजवळ सगळी हयात विरोधी बाकावर गेली. 'विरोधी आमदार काय करणार, त्याच्या हातात काय असते?' असे आपल्यात म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी सांगोल्याकडे पाहावे. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी त्यांनी सभागृहात वर्षानुवर्षे लावून धरली. आणि नुसते सभागृहात नव्हे. १९९३ पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी त्यांचे पुढारी, आणि गणपतराव त्यांच्या बरोबरीने उभे. १९९५ ला निवडणूक हरले तरी ते या कामातून हटले नाहीत. १९९६ साली टेंभू योजनेला मंजुरी मिळाली. कराड तालुक्यात टेंभू गावाजवळ कृष्णेचे पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडी, सांगोल्यापर्यंत न्यायचे, अशी ती योजना. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत सुमारे ८० हजार हेक्टर भिजवण्याचा तिचा आराखडा होता.

मंजुरीनंतरही पुढची वीस वर्षे निधीसाठी भांडण्यात गेली. वीजबिलाचे ओझे राहिले, कालव्याच्या शेवटच्या टोकाची तक्रार राहिली. म्हणून कुणी आमदार 'पाच वर्षांत पाणी आणतो' म्हणाला, तर त्याला हा हिशेब विचारा. पण हेही लक्षात घ्या की बाहेर परिषद होती म्हणून आतल्या भाषणाला वजन आले, आणि आत बोलणारा होता म्हणून परिषदेचा ठराव फायलीत गेला. ही बैलजोडी आहे. एका बैलावर नांगर चालत नाही.

आता आमदाराच्या हातातली अवजारे ओळखून घ्या. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. तातडीच्या बाबीवर लक्षवेधी सूचना देता येते. अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना असते. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. सरकार मनावर घेत नसेल तर आमदाराला स्वतःचे अशासकीय विधेयकही मांडता येते. ते बहुधा मंजूर होत नाही, पण सरकारला आपले म्हणणे मांडावे लागते.

ही अवजारे आमदाराची, पण त्यांना धार लावायचे काम आपले. 'शेतकऱ्यांवर अन्याय होतो' एवढ्यावर प्रश्न तयार होत नाही. किती गावे पंचनाम्यात सुटली, गट नंबर कोणते, अर्ज कोणत्या तारखेला दिला, पोच आहे का, विमा कंपनीला कळवले कधी, हे कागदावर पाहिजे. तो कागद आमदाराला मंत्रालयात बसून मिळणार नाही. तो तुमच्या घरात पत्र्याच्या पेटीत आहे.

म्हणून या बैठकीने तीन कामे अंगावर घ्यावीत. पहिले, प्रत्येक गावाने दोन माणसे नेमून नुकसानीची आणि खरेदीची एक वही ठेवावी. कापूस किती दिवस खरेदी केंद्रावर थांबला, काय भाव लागला, पैसे कधी आले, सगळे तारखेसह. दुसरे, अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बरेच आधी तालुक्याने तीनच प्रश्न निवडून लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी. तीसपैकी एकही विचारला जात नाही, तीन विचारले जातात. तिसरे, अधिवेशन संपल्यावर आमदाराला गावात बोलवावे. कोणता प्रश्न मांडला आणि काय उत्तर आले, हे त्याने उभे राहून वाचून दाखवावे. मांडला असेल तर टाळ्या वाजवा, पक्ष कोणताही असो. मांडला नसेल तर कारण विचारा.

बदली आणि सभामंडप मागणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. अडलेला माणूस दार ठोठावणारच. पण आपण फोनच मागत राहिलो, तर आमदार फोन करण्यातच तरबेज होणार. आपण जे मागतो तसा आमदार आपल्याला मिळतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वही बरोबर आणावी. बोलणे तिथूनच सुरू करू.