उतारवय आणि मूत्रपिंडातील गाठ



यवतमाळच्या वैशाखात उन्हाळी लागणे म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. लघवीला जळजळ झाली की धन्याचे पाणी प्यावे, सावलीत पडावे; पुष्कळदा तेवढ्याने भागतेही. पण साठी उलटलेल्या माणसाच्या लघवीत रक्त दिसले, आणि तेही काही न दुखता, तर ती उन्हाळी समजू नका. ते एकदा दिसते नि पुढे महिनोन् महिने दिसत नाही. ‘गेले बुवा एकदाचे’ म्हणून आपण कामाला लागतो. मागे खडा असेल, मूत्राशयाचा विकार असेल, किंवा मूत्रपिंडात गाठही असेल. सोनोग्राफी करून घेतलीच पाहिजे.

गाठ निघाली की घरात कुणीतरी म्हणतेच, ‘आता या वयात कशाला चिरफाड?’ या वाक्याशी माझे भांडण आहे.

१९९० साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. राल्फ क्लेमन यांनी जगात प्रथमच दुर्बिणीच्या साहाय्याने मूत्रपिंड काढले. रोगी कोण? तर ८५ वर्षांची म्हातारी! पोटावर लहान छिद्रे पाडली, आत वायू भरून जागा केली, एका छिद्रातून दुर्बीण आणि बाकीच्यांतून बारीक हत्यारे घातली. मूत्रपिंड आतल्या आतच एका पिशवीत भरले, तिथेच त्याचे तुकडे केले आणि छिद्रावाटे बाहेर काढले. जवळजवळ ७ तास लागले. आणि ती गाठ कर्करोगाची निघालीच नाही. ऑन्कोसायटोमा नावाची, क्वचित आढळणारी साधी गाठ होती. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढून ही विद्या आपल्याकडे आणली.

मोठी चीर घेतली की दुखते. दुखते म्हणून म्हातारा माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि छातीत कफ साठतो. लहान छिद्रांमुळे तो लवकर उठून बसतो. हृदय आणि फुप्फुसे भूल सोसतील का, हे मात्र आधी पाहावे लागते. एखादी लहान गाठ तशीच ठेवून वरचेवर तपासत राहणेही योग्य ठरते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, ओट्यावर बसणाऱ्यांनी नव्हे.

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी दाखवा. गावात कागद वाचून घ्यायला लोक गुरुजींकडेच येतात. तेव्हा गुरुजी, त्या घरच्यांना एवढा प्रश्न लिहून द्या: ‘गाठीपुरताच भाग काढून बाकीचे मूत्रपिंड वाचवता येईल का?’ रोग्याला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर हा प्रश्न विसरू देऊ नका.