पंक्चर पुन्हा पुन्हा का होतं?



आज आपण सायकलच्या पंक्चरबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कशाला? पण लेक चार-पाच किलोमीटर सायकल मारत शाळेला जात असेल, तर सायकल हा घराचाच विषय होतो. आठवड्यातून दोनदा पंक्चर झालं की पहिला तास बुडतो, संध्याकाळी सायकल ढकलत येताना अंधार पडतो, आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "राहू दे ती सायकल, आणि शाळाही." पंक्चरचं निमित्त इतकं लांब जाऊ नये, म्हणून हे बोलणं.

हल्ली मुलांना जाड टायरची, गिअरची माउंटन बाइक हवी असते. एवढ्या जाड टायरला काटा काय करणार, असं आपल्याला वाटतं. पण टायर रुंद असलं तरी खाचांमधलं रबर पातळच असतं. काटा तिथून आत शिरतो.

आमच्या गटातल्या आम्ही काही जणी पंक्चर काढायला शिकलो. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. नुसतं ठिगळ लावून भागत नाही, भोक का पडलं ते शोधायला हवं. आणि ते ट्यूबच सांगते. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्याच्या बादलीत फिरवायची. बुडबुडे आले तिथे भोक.

बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल, तर तो काटा. आपल्याकडे बाभळीचा, नाहीतर सराट्याचा. त्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं आणि दुसऱ्या दिवशी नव्या ट्यूबलाही टोचतं. म्हणून टायरच्या आतून फडकं फिरवा. ते अडकेल तिथला काटा चिमट्याने काढा. नुसतं बोट फिरवू नका.

शेजारी शेजारी दोन भोकं असतील, सापाच्या दातांसारखी, तर हवा कमी होती. दगडावर चाक आदळलं आणि ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चेंगरली. किती हवा भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, त्या मर्यादेतच भरा. आठवड्यातून एकदा हवा बघायचीच.

भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल, तर रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि तारेचं टोक ट्यूबला लागतं. ही पट्टी बदलून घ्या. ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटली असेल, तर ठिगळ टिकत नाही. नवीच ट्यूब लागते.

आता ठिगळाचं. भोकाभोवतीची जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासा. सोल्युशन लावा आणि पाच मिनिटं सुकू द्या. घाई होते ती इथेच. ओल्या सोल्युशनवर ठिगळ चिकटत नाही. टायर काढायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या वापरा. स्क्रूड्रायव्हर घातला तर एक भोक बुजवताना दुसरं पडतं. मागचं चाक काढताना चेन सर्वांत लहान दातेरी चकतीवर आणा, म्हणजे चाक सहज निघतं.

आणखी एक गोष्ट आपल्याच हातात आहे. कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या आपण पोरांच्या वाटेवरूनच ओढत नेतो. काटे तिथे गळतात आणि चाकात जातात. त्या उचलून न्याव्यात, नाहीतर नंतर वाट झाडून घ्यावी.

हवेच्या टायरची गोष्टही सांगण्यासारखी आहे. बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर आदळू नये म्हणून असं टायर बनवलं आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे लेकरासाठी चाकाला हात लावणारे आपण काही पहिले नाही.

येत्या रविवारी लेकीला शेजारी बसवा. चाक तिलाच काढू द्या, भोक तिलाच शोधू द्या. दप्तरात दोन ठिगळं, सोल्युशन आणि पॉलिश पेपरचा तुकडा, आणि सायकलला छोटा पंप असू द्या. वाटेत चाक बसलं, तर ती वाट बघत उभी राहणार नाही. ठिगळ लावेल आणि शाळेत पोचेल.